फिल्टरच्या मागे

होळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेआठ.

हजर: मी. माझे यजमान, ज्यांनी विमान बांधलं. चाचा, म्हणजे उमरखेडच्या बाजारात ट्रॅक्टर आणि डिझेल पंप दुरुस्त करणारे म्हातारे मिस्तरी. आणि याडी, जिच्या रिकाम्या वावरातून ते विमान धावायचं आहे. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तिला तिथं सगळेच याडी म्हणतात, म्हणून आम्हीही. गैरहजर कोणी नाही, कारण या कामात आता एवढीच माणसं उरली आहेत. सुरुवातीला रोज पंधरावीस जण बघायला यायचे. हल्ली बाजारात भेटले की विचारतात, "उडालं का नाई अजून?" आणि उत्तराची वाट न बघता भाजी निवडायला लागतात.

त्या दिवसाची यादी एकोणीस ओळींची होती. मी बसच्या आगारात भांडार सांभाळते. सकाळी माझ्या खिडकीतून पाने, बेअरिंगं, फडकी जातात आणि संध्याकाळी ती परत आली का हे मी बघते. सत्तावीस वर्षं हेच काम. त्यामुळे विमान यजमानांचं असलं तरी यादी माझी. डावीकडे काम, उजवीकडे 'होय'. माझं 'होय' पडल्याशिवाय पुढची ओळ सुरू होत नाही, हा आमच्यातला करार सहा वर्षांपूर्वी झाला आणि यजमानांनी तो कुरकुर करत का होईना पाळला.

एकोणीसपैकी सोळा ओळी एकाच वस्तूच्या होत्या: इंजिनात जाणारी हवा गाळणारा फिल्टर.

तो इतका महत्त्वाचा का, हे सांगायला हवं. गेल्या वर्षी आम्ही फिल्टरशिवाय इंजिन चालवलं. जागा नव्हती, फिल्टरची पत्र्याची पेटी नीट बसत नव्हती, यजमान म्हणाले, "चार दिवसानं काय होते?" याडीच्या वावरात विमान नुसतं पळवलं. पंख्यानं जी माती उडवली तीच इंजिनानं ओढली. आठवड्यात धूर यायला लागला. उघडलं तेव्हा सिलिंडरच्या भिंतीला बोटाला लागतील असे चरे होते. चाचांनी आत बोट फिरवलं, बोट पुसलं आणि चहा न घेता घरी गेले.

हे दुसरं इंजिन. एका हौशी गृहस्थांनी स्वतःचं विमान अर्ध्यात सोडलं, त्यांचं. तिसरं मिळणार नाही.

आणि वेळही नाही. यजमान अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, फिटर होते. सुट्ट्या जोडून नागपूरला जाऊन तासातासानं विमान उडवायला शिकले. विमान उडवायला लागणाऱ्या त्यांच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत जूनमध्ये संपते. साखर वाढलेली आहे. पुढचा दाखला मिळणार नाही असं डॉक्टर बोलले नाहीत. त्यांनी फक्त कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. बुधवारी तपासणी अधिकारी येणार होते. इंजिन पूर्ण फेरे देतं का हे बघितल्याशिवाय ते उड्डाणाचे कागद पुढे सरकवणार नव्हते. याआधी दोनदा आम्हीच तारीख पुढे ढकलली होती. आता बुधवार चुकला तर पावसाळ्याआधी येणं जमणार नाही, असं त्यांनी फोनवर सौम्य शब्दांत सांगितलं होतं. पावसाळ्यात याडीच्या वावरात पीक. पिकानंतर दाखला नाही. म्हणजे बुधवार.

काम सुरळीत सुरू झालं. विमान ठेवलं ती शेड महागावच्या रस्त्यावरच्या, याडीच्या वावराला लागून असलेल्या एका बंद जिनिंगची आहे. यंत्रं गेली, पण वाशांवर, भिंतींच्या खाचांत, पत्र्याच्या नागमोडीत रुई अजून आहे. वारा सुटला की ती तरंगत खाली येते. शुक्रवारी संध्याकाळी यजमानांनी कार्बोरेटरवरचा जुना बाक, म्हणजे हवा आणणारी वाकडी नळी, काढून ठेवला. कार्बोरेटरचं तोंड उघडं राहिलं. त्यातूनच इंजिन श्वास घेतं, आणि वरून रुई पडत होती, वावरातून धूळ येत होती. मी कोपऱ्यातली मूठभर रुई उचलली आणि त्या तोंडात दाबून बसवली.

आमच्याकडे बूच हरवलं की हात आपोआप कापसाकडे जातो. तेलाच्या बाटलीला कापूस, अत्तराच्या कुपीला कापूस, थंडीत कानात कापूस. कोणी त्याचा विचार करत नाही. मीही केला नाही.

रविवारी ओळ एक: हात धुतले, अंगठ्या-बांगड्या काढल्या. होय. ओळ दोन: खालून प्रकाश लावला. होय. ओळ तीन: तोंडातला बोळा काढला. तो मीच काढला. बोटं घालून ओढला, डगल्याच्या खिशात कोंबला आणि लिहिलं, होय.

पुढे फिल्टर. शंकूसारखा, तारेच्या जाळीत घड्या घालून बसवलेला सुती कापडाचा, लाल तेल लावलेला. कापसाच्या जिल्ह्यात कापसाचा फिल्टर टपालानं मागवला याचं यजमानांना पार्सल फोडताना हसू आलं होतं. फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये रबरी गळपट्टा, त्यावर दोन क्लिपा. फिल्टरचा भार रबरावर लोंबकळू नये म्हणून चाचांनी स्कूटरच्या जुन्या कॅरिअरच्या पट्टीचा आधार वाकवून आणला होता. तो पहिल्याच वेळी बसला.

"ताई, लिहा तुमचं होय," चाचा म्हणाले. "निकाहला नाही विचारलं कोणी इतक्या वेळा."

"तेव्हा विचारायला पायजे होतं, चाचा."

यजमान हसले. त्या दिवशी ते हसले ते एवढंच.

क्लिपांचे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून तार पिळली. वरून पत्र्याची पेटी बसवली. विमान शेडबाहेर काढून त्याची शेपटी बाभळीच्या बुंध्याला दोराने बांधली, चाकांना दगड लावले. याडी दूर, शेडच्या सावलीत पाय पसरून बसली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं आणि आवाज इतका गोल होता की मी यादी छातीशी धरून उभी राहिले.

मग यजमानांनी वेगाची मूठ पूर्ण पुढे ढकलली. मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा चोवीसशेच्या जवळ जायला हवा होता. तो दोन हजारांवर जाऊन थांबला. नळकांड्यातून काळा धूर आला.

त्यांनी मूठ मागे घेतली, पुन्हा दाबली. दोन हजार.

"हवा कमी पडून राह्यली," इंजिन बंद झाल्यावर चाचा म्हणाले. "काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कम. तुमचा फिल्टर नाक दाबून राह्यला."

इथून पुढचे चार तास आम्ही त्या फिल्टरला शिव्या देण्यात घालवले. पेटीचं तोंड लहान म्हणून यजमानांनी पत्रा कापून ते दोन बोटं रुंद केलं. सुरू केलं. दोन हजार. फिल्टरची पुढची टोपी पेटीला टेकते म्हणून चाचांनी आधार पाऊण इंच मागे घेतला. परत सगळ्या क्लिपा, परत तार. दोन हजार. फिल्टरला तेल जास्त झालं म्हणून तो उन्हात कागदावर पालथा ठेवला. पत्रा इतका तापला होता की हाताला फडकं गुंडाळल्याशिवाय पेटी धरता येईना. तिसऱ्यांदा सुरू केलं. काटा त्याच रेघेवर जाऊन उभा.

यजमानांचं सकाळचं जेवण तसंच पडलं होतं. मी म्हटलं, "अहो, आधी दोन घास खाऊन घ्या. गोळी घेतली हाय तुमी."

"मले भूक नाई."

"भुकेचं नाई विचारलं, साखरेचं विचारलं."

त्यांनी पक्कड मातीत फेकली. मग शांतपणे, फार शांतपणे म्हणाले, "फिल्टर काढून टाकू. बुधवारी साहेबाले बिनफिल्टरचं दाखवू. ते गेले का मंग पाहू."

"गेल्या सालीबी मंग पाहूच म्हटलं होतं."

"गेल्या साली माह्याजवळ पुढचं साल होतं!"

चाचा खाली बघून तार गुंडाळत राहिले. याडी उठून उभी राहिली. मी वही उघडली. ही माझी सवय आहे आणि त्या वेळी ती फार वाईट दिसली असणार, कारण यजमान म्हणाले, "पाह्य, पाह्य तिच्यात. लिहिलं असंन, नवऱ्याले कवा उडू द्याचं थे. तुले यादी पायजे. माणूस जाऊ दे."

हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही, पण ते मला पाठ आहे.

मी एवढंच म्हणाले, "काढा फिल्टर. चालवून पाहू. त्याच्यानं खरं तरी कळंन."

फिल्टर, रबर, पेटी, सगळं काढलं. कार्बोरेटरचं तोंड उघडं. मी पाण्यानं भोवतालची माती भिजवली, चाचांनी शेडमधून उडणारी रुई येऊ नये म्हणून आडवी चादर धरली. यजमानांनी मूठ पुढे ढकलली.

दोन हजार.

यजमानांनी इंजिन बंद केलं. फिल्टर निर्दोष होता. सकाळपासून आम्ही पत्रा कापला, आधार हलवला, एकमेकांना बोललो, ते सगळं फुकट. अडचण फिल्टरच्या मागे होती, आणि मागे म्हणजे इंजिनात. यजमान चाकापाशी खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी टायर धरून ठेवलं, जसं कोणी गर्दीत मुलाचा हात धरतं.

याडी जवळ आली. माझ्या डगल्याच्या खिशाकडे बोट करून म्हणाली, "बाई, हे काय लोंबून राह्यलं?"

खिशातून रुईची शेपटी बाहेर आली होती. मी सांगितलं, शुक्रवारी तोंडाला लावली होती, सकाळी काढली.

"कशी काढली?"

"कशी म्हणजे? ओढून."

"एका हातानं?"

"हो."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी आगारात पहिल्या दिवसाच्या कामगाराकडे बघते. "तू कवा वेचाले गेली नाई, हे दिसते," ती म्हणाली. "बोंडातला कापूस ओढला का अर्धा हातात येते, अर्धा आत राह्यते. तीन बोटानं, बुडापासून, फिरवून काढा लागते. पहिल्या दिवशी शिकवतो आमी पोरीले."

मी वहीतली तिसरी ओळ वाचली. आगारात मी फडकी देते तेव्हा लिहिते: फडकी चार दिली, चार परत. तीन आली तर बस सुटत नाही. इथं मी लिहिलं होतं: बोळा काढला. किती लावला, किती निघाला, काही नाही. कारण रुईला नग नसतात. ज्या वस्तूची नोंदच करता येत नाही ती वस्तू मी स्वतःच्या हातानं इंजिनाच्या तोंडात घातली होती.

मी सांगितलं. उभ्यानं, सगळ्यांसमोर, जसं झालं तसं.

चाचांनी कार्बोरेटर उतरवला. त्यात हवा कमी-जास्त करणारी पितळी चकती असते, मधल्या काडीवर फिरणारी. त्या काडीला रुई पिळदार वातीसारखी गुंडाळली गेली होती, पेट्रोलनं काळी, आणि तिचा एक पदर चकतीवर आडवा बसलेला. मूठ कितीही दाबली तरी चकती पूर्ण उघडतच नव्हती. चाचांनी चिमट्यानं एकेक तंतू सोडवला आणि वर्तमानपत्रावर ठेवत गेले. अर्धा तास लागला. कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

परत जोडलं. फिल्टर लावला. रबर, दोन क्लिपा, आधार, तार, पेटी. सुरू केलं.

काटा चोवीसशेला लागला आणि तिथं थरथरत उभा राहिला. धूर नाही. बाभळीला बांधलेला दोर कडक ताणला गेला, झाडाची पानं पडायला लागली. यजमानांनी आतून माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. पन्नाशीतला माणूस असा दिसत नाही.

ते खाली उतरले, घाम पुसत आले आणि म्हणाले, "लिही. होय लिही."

मी वर्तमानपत्राकडे बघत होते. काळी वात, आणि तिच्याशेजारी मी खिशातून काढून ठेवलेला पांढरा बोळा. दोन्ही मिळून एक मूठ होते का? मी हातात घेतलं. सैल धरलं तर मुठीपेक्षा जास्त होतं. दाबलं तर अर्धी मूठही नाही. याडीनं घेतलं, तिनं दाबलं, मग फुलवलं. "एवढाच व्हता का?" तिनं विचारलं.

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

"आत काई राह्यलं असंन तर?" मी चाचांना विचारलं.

चाचांनी बोटानं दाखवलं. चकतीच्या पलीकडे एक जाड नळी आहे. ती फुटून चार सिलिंडरांकडे जाते. ओढलेला तुकडा जळून धुराबरोबर निघून गेला असेल. किंवा नळीच्या वळणावर बसला असेल. "जल गया होगा, ताई," ते म्हणाले. मग नळीवर बोट ठेवून, "शायद."

"शायदचं होय होत नाई, चाचा."

"नळी उघडून पाहा. आठ नट आहेत. पण उघडली का सांध्यामधल्या कागदी चकत्या फाटतीन. जुन्या हायेत, चिकटल्या. नवीन मागवा लागतीन. आठ दिवस, दहा दिवस." त्यांनी बुधवार हा शब्द उच्चारला नाही.

यजमान म्हणाले, "आता चालून राह्यलं ना? चोवीसशे दिले ना? तुह्या डोळ्यासमोर दिले."

"जमिनीवर दिले."

"जमिनीवरच पाह्यणार हायेत साहेब!"

"अन् त्याच्यानंतर? तुमी वर असान आन् थो तुकडा सरकला तर?"

"नसंन तुकडा!"

"नसंन. मी काय सांगू? मीच घातला, अन् मलेच माहीत नाई."

यजमानांनी माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. मग वळून हत्यारांच्या पेटीतून तेरा नंबरचा पाना काढला आणि माझ्या वहीवर ठेवला.

"तू घातला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "तूच उघड. माह्या हातानं मी बुधवार घालवणार नाई. तुले वाटते तर तू उघड. नाई वाटत, तर होय लिही. मी काई म्हणणार नाई."

एवढं बोलून ते शेडमागे जाऊन बसले. चाचा हात धुवून निघून गेले, जाताना डब्यातलं जेवण यजमानांच्या समोर उघडून ठेवलं. याडी गेली नाही. ती संध्याकाळपर्यंत दारात बसून होती, रुईच्या त्या काळ्या वातीतली माती बोटांनी झाडत.

सोमवारी मी कामावर गेले. पाने दिले, पाने घेतले. सगळे परत आले.

आज मंगळवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी शेडमध्ये आले आहे. यजमान बाहेर बाभळीखाली बसले आहेत, शेडकडे पाठ करून. त्यांनी आज गोळी घेतली, भाकरी खाल्ली, मला पाणी आणून दिलं. अधिकाऱ्यांना उद्या येऊ नका म्हणून फोन करायचा तर पाच वाजायच्या आत करायला हवा. तो केलेला नाही.

पेटी मी उतरवली आहे. फिल्टर काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला आहे, फडकं एक. खालून प्रकाश लावला आहे. नळी दिसते, तिचं वळणही दिसतं, आतलं काही दिसत नाही. सत्तावीस वर्षं मी पाने मोजून दिले आणि मोजून घेतले. नट स्वतः सैल कधी केलेला नाही. कोणत्या बाजूला फिरवायचा हे मला माहीत आहे, इतकंच.

ओळ वीस, आज वाढवलेली: आतली नळी उघडून पाहणे. आठ नट.

उजवीकडची जागा रिकामी आहे. पाना पहिल्या नटावर बसवून मी उभी आहे, आणि तो अजून हललेला नाही.